गुड्डीसाठी एकवीस किलोमीटर

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या चष्म्याची एक काडी गायब होती आणि दुसरीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. शनिवारची संध्याकाळ, नोव्हेंबर नुकताच लागलेला. धरमपेठेत गाडी लावायला जागा मिळावी म्हणून माणसं एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात असतात, ती वेळ.

"मॅडम, उद्या सकाळी पाचच्या आत पायजे," तो म्हणाला.

"काय पाहिजे? चष्मा की डोळे?"

"दोन्ही भेटले तर बरं होईल." तो हसला. "काडी तुटली ते दिसून राहिलं तुम्हाले. पण नंबरही वाढला वाटते. समोरून येणाऱ्या बसचा बोर्ड वाचता येत नाही, अन् मी एसटीत वाहतूक नियंत्रक. लोक मले विचारतात, ही गाडी कुठं चालली? मी म्हणतो, थांबा, जवळ येऊ द्या."

मी त्याला आतल्या खोलीत घेतलं. अनोळखी माणसाच्या डोळ्यांत वीतभर अंतरावरून पाहायचं, हेच माझं काम. दिवसाला वीसेक जोड्या होतात. त्यामुळे डोळ्यांत हरवून वगैरे जाण्याची सोय माझ्या धंद्यात नाही. पण या गृहस्थाने हनुवटी मशीनवर टेकवली, आणि...

"लाईटकडे पाहा."

"लाईटकडेच पाहून राहिलो ना."

"लाईट डावीकडे आहे."

"अच्छा, ते लाईट," तो म्हणाला आणि गपचूप डावीकडे पाहायला लागला. खोलीत अंधार होता ते बरं. माझे कान गरम झालेले त्याला दिसले नाहीत.

नाव प्रीतम गजभिये. राहणार नंदनवन — म्हणजे माझ्याच बाजूचा, आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून. आणि दर रविवारी तो पेसर असतो. पेसर म्हणजे लांबच्या शर्यतीत ठरलेल्या वेळेत धावणारा माणूस. त्याच्या पाठीला झेंडा बांधलेला असतो, झेंड्यावर वेळ लिहिलेली. ज्यांना अडीच तासांत एकवीस किलोमीटर संपवायचेत त्यांनी अडीच तासवाल्या झेंड्यामागे धावायचं. उद्या सकाळी अंबाझरीला सराव होता.

"वीस लोक माझ्यामागं येतात. मलेच रस्ता नाही दिसला तर सगळेच्या सगळे तलावात."

मी काडी बदलून दिली, नव्या काचा मंगळवारी मिळतील म्हणून सांगितलं. तो निघाला होता, दारापर्यंत पोचलाही होता. तिथे भिंतीवर माझा कागद चिकटवलेला होता. तुटक्या चष्म्याने त्याने तो दिवसभरात नसता वाचला. माझ्या काडीने वाचला.

कागदावर माझ्या हस्ताक्षरात होतं, की लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला मदत म्हणून मी जानेवारीत एकवीस किलोमीटर धावणार आहे, माझ्या मैत्रिणीसाठी. एकेक किलोमीटर एकेका माणसाने पैसे देऊन आपल्या नावावर घ्यायचा. खाली नाव, भूमिका रामटेके.

"कोणती मैत्रीण?" त्याने विचारलं.

"होती एक. लहानपणी. ब्लड कॅन्सर होता तिला."

"नाव काय तिचं?"

"गुड्डी."

"आता कुठं राहते?"

इथे मला सांगावं लागेल, की गुड्डी म्हणजे मीच. आठव्या वर्षी मला रक्ताचा कॅन्सर झाला, अडीच वर्षं औषधं चालली, आणि मी बरी झाले. वॉर्डातल्या सिस्टर मला गुड्डी म्हणायच्या. त्या नावाने मला घरात कुणी हाक मारत नाही. आईने तर ते नाव त्या वर्षांबरोबरच पुरून टाकलं. फोटोही ठेवले नाहीत. "धावाचं तेवढं धाव," ती म्हणाली होती, "पण स्वतःचं नाव नको टाकू त्याच्यात. लग्न व्हाचं हाये तुह्यं." म्हणून कागदावर ती मैत्रीण आली. मैत्रीण ठणठणीत आहे असं म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, वा, मग भेटवा एकदा. हे सगळं माझ्या डोक्यात तीनेक सेकंदांत फिरलं, आणि तोंडातून निघून गेलं —

"ती नाही आता."

प्रीतमचा चेहरा असा उतरला की मीच घाबरले. आजारपणाबद्दल कळल्यावर लोकांचे चेहरे मी खूप पाहिलेत. आईच्या चेहऱ्यावर भीती असते, नातेवाइकांच्या चेहऱ्यावर चौकशी. साधं, सरळ दुःख मी पहिल्यांदा पाहत होते, आणि ते माझ्यासाठीच होतं. फक्त ते माझ्या पत्त्यावर आलं नव्हतं.

"कोणता किलोमीटर उरला?" त्याने हळूच विचारलं.

"सोळावा. सेमिनरी हिल्सचा चढ. तो कुणी घेत नाही." खरंच घेत नव्हतं. मदत देणाऱ्याला स्वतः चढायचं नसतं, तरी प्रत्येकाला सपाट किलोमीटर हवा असतो.

"मंग तो माझा," प्रीतम म्हणाला. "अन् तुम्ही उद्या अंबाझरीले या. एकट्यानं धावून एकवीस होत नसतात, मॅडम. मी पाहिलं हाये."

*

एकट्यानेच तर धावत होते मी, दोन वर्षं. सकाळी नंदनवनात रस्ते झाडणाऱ्या बायका, दुधाच्या गाड्या आणि मी. मला ते आवडायचं असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं सांगायचं तर मला दुसरं काही येत नव्हतं. कॉलेजात मैत्रिणी होत्या, पण त्यांच्यापासून आजाराची ती अडीच वर्षं लपवून ठेवायची म्हणजे प्रत्येक गप्पेत एक पायरी गाळून चढायचं. त्याचा कंटाळा येतो. मग माणूस गप्पाच मारत नाही. आणि वॉर्डात माझ्या आजूबाजूला जी सहा-सात पोरं होती, त्यातल्या एकाचाही नंबर माझ्याकडे नाही. कोण राहिलं, कोण गेलं, मला माहीत नाही. त्या खोलीतली एकटी मीच उरले की काय, असं कधी कधी धावताना वाटतं, आणि मग पाय आपोआप जड होतात.

रविवारी मी अंबाझरीला गेले. तलावावर धुकं होतं, आणि झेंडा बांधलेला प्रीतम दूरवरून एखाद्या नवरदेवाच्या घोड्यासारखा दिसत होता. मी त्याला ते सांगितलं.

"नवरदेवासारखा म्हटलं असतं तर काही बिघडत होतं का?" तो म्हणाला. "सीधा घोडा?"

धावताना त्याने विचारलं, गुड्डी कशी होती? आणि मी सांगायला लागले. नंतर दर रविवारी सांगत राहिले. गुड्डीला केस गेल्यावर टोपी आवडायची नाही, ती डोक्याला आजोबांचं उपरणं गुंडाळून राजा व्हायची. गुड्डीला पाठीत सुई द्यायचे तेव्हा ती पाढे म्हणायची, आणि एकोणिसाच्या पाढ्यावर पोचेपर्यंत सुई संपायची. गुड्डीला जेवणाची चव लागायची नाही, फक्त कैरीच्या लोणच्याची लागायची, आणि लोणचं मना होतं. एकदा तिने शेजारच्या खाटेवरच्या पोराच्या मावशीकडून फोड मिळवली आणि उशीखाली लपवून तीन दिवस चाटली.

"तीन दिवस?" प्रीतम हसता हसता खोकायला लागला. "अन् कोणाले समजलं नाही?"

"उशीला वास यायचा ना! सिस्टर म्हणायची, ही पोरगी आंबून राहिली."

वीस वर्षांत मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे हेही मला माहीत नव्हतं. तो ऐकायचा, मध्येच थांबवून विचारायचा, पुढच्या रविवारी आठवणीने म्हणायचा, "ते उपरणं कोणत्या रंगाचं होतं, ते सांगाचं राहिलं." आठवडाभर दुकानात मी लोकांना खालची ओळ वाचा म्हणायचे आणि मनात रविवारच्या गोष्टी जुळवायचे.

एकदा धावून झाल्यावर आम्ही तर्री-पोहे खायला थांबलो. त्याची नजर माझ्या बुटावर गेली. अंगठ्यापाशी लाल डाग होता.

"रक्त निघून राहिलं तुमचं!"

"हो का?" मी खाली पाहिलं.

"दुखत नाही?"

"नाही."

त्याने प्लेट बाजूला ठेवली, बाजूच्या दुकानातून पट्टी आणली, आणि मी नको नको म्हणत असताना माझा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला. औषधांनी माझ्या पायांच्या बोटांची जाणीव तेव्हाच बोथट झाली, ती पूर्ण परत आलीच नाही. फोड येतो, फुटतो, मला पत्ता नसतो. हे त्याला कसं सांगणार?

"तुम्ही माणूस हाये का मशीन?" तो पट्टी गुंडाळत म्हणाला.

त्याची बोटं माझ्या बोटांना लागत होती आणि मला ती नीटशी कळत नव्हती. मला रडू आलं. तर्रीचा ठसका लागला असं मी सांगितलं.

"पाणी घ्या. पाणी घ्या ना..." तो घाबरून गेला.

त्या दिवशी घरी येताना मला कळलं, की मी प्रीतमच्या प्रेमात पडले आहे. आणि हेही कळलं, की त्याचा जीव गुड्डीवर जडला आहे. त्याच्या आवाजात जो ओलावा यायचा तो तिचं नाव निघालं की. मला तिचा हेवा वाटायला लागला. स्वतःचाच हेवा करणारी मी नागपुरातली पहिलीच मुलगी असेन.

*

खरं सांगून टाकायचं, असं मी रोज ठरवायचे. मग मला पाहायला आलेले ते दोन मुलगे आठवायचे. मुलगे तसे बरे होते, पण मला आठवतात त्यांच्या आया. पहिलीने सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि विचारलं, "वापस तर होणार नाही ना?" दुसरीने माझे रिपोर्ट मागितले, तिच्या ओळखीच्या डॉक्टरला दाखवायला. आईने दिले. फाईल परत आली, माणसं आली नाहीत. त्यानंतर आईने नियम केला, लग्न होईपर्यंत एक शब्द काढायचा नाही.

"मी काही पाप नाही केलं, आई."

"तू नाही वं केलं," आई म्हणाली. "पण लोकं तुह्याकडं कसे पायतात ते मले पाहवत नाही." आणि ती ओट्याकडे तोंड करून उगाच भांडी घासायला लागली. तिच्याशी भांडताही येत नाही. अडीच वर्षं माझ्या खाटेखाली झोपलेली बाई आहे ती.

जानेवारी आला. शर्यतीच्या आदल्या दिवशी छातीवर लावायचे नंबर वाटत होते, तिथे प्रीतम भेटला. नवा चष्मा, नवा शर्ट. शर्टाची घडी अजून मोडलेली नव्हती.

"उद्या धावून झालं की तुम्हाले एक गोष्ट विचाराची हाये," तो म्हणाला.

"आत्ता विचारा की."

"नाही. वेळेवर." त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मायले तुमच्याबद्दल सांगितलं मी. गुड्डीबद्दलही सांगितलं. डिसेंबरात माझ्या बाबांच्या आठवणीत पुण्यानुमोदन होतं विहारात. माय भन्तेजींले म्हणाली, एका लहान पोरीचंही नाव घ्या. कोणी तिच्या नावानं काही केलं असन नसन. तिनं मेणबत्ती लावली तिच्यासाठी. रडली भल्ली."

मी हातातलं पाकीट उलटसुलट करत राहिले.

"काही चुकलं का आमचं?" त्याने काळजीने विचारलं.

"नाही... नाही, काही नाही चुकलं." मी नंबरचं पाकीट छातीशी धरून स्कूटीकडे पळाले. माझ्या नावाने एका बाईने विहारात मेणबत्ती लावली होती. एवढी माया मला जिवंतपणी कुणी दिली नव्हती, आणि मिळाली ती मेले म्हणून. रात्री मी आरशासमोर उभी राहून वाक्य पाठ केलं. शर्यत संपली, की त्याने काही विचारायच्या आत सांगायचं. मग तो जाईल. गेला तर गेला. निदान जिवंत माणसाला सोडून जाईल.

*

पहाटे कस्तुरचंद पार्कावर हजारभर माणसं थंडीत उड्या मारत होती. मी अडीच तासांच्या झेंड्यामागे जाऊन उभी राहिले आणि समोर पाहिलं. कुणाच्या आठवणीत धावणारे लोक पाठीवर एक कागद लावतात. प्रीतमच्या पाठीवर, झेंड्याच्या खाली, चार पिनांनी लावलेला कागद होता. एसटीच्या पाट्यांवर असतं तसल्या ठळक, नेटक्या अक्षरांत — गुड्डीच्या स्मृतीस.

मी डोळे तपासते. हाताच्या अंतरावरचं अक्षर न दिसण्याची सवलत मला नाही.

भोंगा वाजला आणि आम्ही निघालो. पहिला किलोमीटर, पाचवा, दहावा. प्रीतम घड्याळ पाहत एका लयीत धावत होता, मागे आम्ही पंधरा-सोळा जण. आणि माझ्या डोळ्यांसमोर सतत तो कागद. वर खाली, वर खाली. आपल्याच स्मृतीमागे दोन तास धावणं काय असतं हे मला कुणालाही समजावून सांगता येणार नाही. एकदा मी मुद्दाम पुढे गेले. "भूमिका मॅडम, मागं राहा, नाहीतर चढावर थकान," तो ओरडला. मी पुन्हा कागदामागे आले.

फुटाळा तलाव मागे पडला आणि चढ सुरू झाला. सोळावा किलोमीटर. आमच्यात धोंडबा काका होते, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांचा श्वास फुलला, पाय रेंगाळायला लागले. बाकीच्यांचीही तीच गत.

"काका, थांबू नका!" प्रीतम उलटा वळून, मागे मागे धावत म्हणाला. "हा किलोमीटर गुड्डीचा हाये."

"कोण गा गुड्डी?" काकांनी धापा टाकत विचारलं.

आणि त्याने सांगितलं. चढ चढता चढता, त्या सगळ्या अनोळखी लोकांना. उपरण्याचा राजा, एकोणिसाचा पाढा, उशीखालची लोणच्याची फोड. "आठ वर्षांची पोरगी एवढं सहन करू शकते, तर आपण हा चढ नाही चढू शकत का?"

"चढू ना बे!" कुणीतरी ओरडलं. "गुड्डीसाठी!"

"गुड्डीसाठी!" सगळे ओरडले. धोंडबा काकांचे डोळे भरून आले होते आणि पाय चालू लागले होते. सोळा माणसं माझ्यासाठी ओरडत टेकडी चढत होती, आणि त्यांच्यात मी एकटी होते, इतकी एकटी की मला ते सहन होईना.

"गुड्डी मेली नाही," मी म्हणाले.

"काय?" प्रीतमला ऐकू गेलं नाही.

"गुड्डी मेली नाही!" मी ओरडले. "मी आहे गुड्डी. मीच... मला झाला होता. मी खोटं बोलले."

तो उलटाच धावत होता. त्याचे पाय चुकले, झेंडा कलला, आणि क्षणभर मला वाटलं तो पडणार. तो पडला नाही. माझ्याकडे पाहत राहिला, चष्म्याआडून, पापणी न हलवता.

"पेसर, टाइम चालला!" मागून कुणीतरी ओरडलं.

पेसरला थांबता येत नाही. सोळा जणांनी त्याच्या भरवशावर अडीच तास बांधलेले असतात. प्रीतम वळला आणि धावायला लागला. पुढची शंभर पावलं मी त्याच्यामागे धावले. मग माझीच लय सुटली. मी चालायला लागले आणि झेंडा लांब लांब होत वळणाआड गेला. जाताना धोंडबा काका तेवढे मागे वळून म्हणाले, "बेटा, तू तर हायेस ना! मंग रडून काहून राहिली?"

उरलेले पाच किलोमीटर मी एकटी धावले. हे मला येत होतं.

*

मी शेवटच्या कमानीखालून गेले तेव्हा अडीच तासांवर सतरा मिनिटं झाली होती. कुणीतरी गळ्यात पदक घातलं. लोक फोटो काढत होते, संत्री सोलत होते. प्रीतम कुंपणाजवळ उभा होता. झेंडा खाली ठेवलेला, पाठीवरचा कागद काढून हातात घेतलेला. तो घरी गेला नव्हता हे पाहून मला आधी आनंद झाला आणि मग त्याचा चेहरा दिसला.

"दोन महिने," तो म्हणाला. "दोन महिने मी त्या पोरीसाठी रात्री झोपलो नाही. माझी माय रडली. अन् तुम्ही बाजूले धावून राहिल्या होत्या? मजा वाटत होती?"

"नाही."

"मंग काहून?"

मी ठरवलेलं वाक्य आरशासमोरच राहिलं होतं. जे आलं ते बोलले. "मेलेल्या पोरीवर सगळे जीव लावतात, प्रीतम. वाचलेल्या पोरीचे रिपोर्ट मागतात. दोनदा मागितले. आईने शपथ घातली. आणि तुम्ही विचारत होता ना... लोणचं, उपरणं. ते मला कुणीच विचारलं नव्हतं. मला वाटलं, खरं सांगितलं की तुम्ही ते विचारणं बंद कराल, आणि बाकीचे विचारतात तेच विचाराल."

"काय विचारतात?"

"तुम्हाला माहीत आहे."

त्याने हातातल्या कागदाची एक घडी घातली. मग त्याने तेच विचारलं. "वापस होऊ शकते का?"

ज्या प्रश्नाला मी इतकी वर्षं घाबरत होते तो आला होता. पण तो विचारताना त्याने नजर चोरली नाही. चहा संपवून उठायच्या तयारीत असलेल्या माणसासारखा तो उभा नव्हता. म्हणून मी उत्तर दिलं, कुणाला पहिल्यांदाच, पूर्ण.

"तेच परत येणं वीस वर्षांनंतर फार क्वचित. पण तेव्हाच्या औषधांचा पुढे हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून दरवर्षी तपासणी. पायाच्या बोटांना कळत नाही, ते तुम्ही पाहिलंच. मूल होईल की नाही, माहीत नाही. कदाचित होईल. एवढंच आहे. आणखी काही लपवलेलं नाही."

"बरं," तो म्हणाला.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे ऐकलं." त्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं. "तपासणीले सोबत कोण जाते?"

"कुणी नाही. आईला नेलं की ती बाहेर बसून रडते. मी एकटीच जाते."

"कधी असते?"

"मार्चमध्ये. दुसऱ्या आठवड्यात."

"मी सुट्टी टाकतो," प्रीतम म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहत राहिले. कमानीतून लोक येत होते, लाऊडस्पीकरवर कुणाची तरी नावं चालू होती. "तुम्हाला एक गोष्ट विचारायची होती ना?" मी कसंबसं म्हटलं.

"विचारली ना आता."

"ती नाही. कालची."

"तेच ते होतं." तो पहिल्यांदा हसला, थोडासाच. राग अजून पुरता गेला नव्हता, त्याच्या जबड्यावर दिसत होता. "कालचं वाक्य जरा चांगलं होतं. पाठ केलं होतं मी. आता तू सगळं बिघडवून ठेवलं तर मी काय करू?"

तू म्हणाला तो. मी ऐकलं आणि काही बोलले नाही, बोलले असते तर त्याने परत तुम्ही केलं असतं.

"राग आहे ना अजून?" मी विचारलं.

"हाये. आठवडाभर राहीन. तू ये रविवारी, तरीही." मग त्याने खिशातून फोन काढला. "पण मायले मी नाही सांगणार. मेणबत्ती तुझ्या नावाची लागली होती, तू सांग."

"आत्ता?"

"हव. आता."

घंटी वाजायला लागली होती आणि फोन माझ्या हातात होता. माझ्या घरीही मला हेच सांगायचं होतं, आज संध्याकाळी, ओट्याकडे तोंड केलेल्या आईला. पण आधी ही दुसरी आई. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, आणि एक घाईतला आवाज आला, "बोल रे बेटा, झालं का धावून?"

"काकू..." मी घसा खाकरला. प्रीतम दुसरीकडे पाहत होता, पण त्याचा हात माझ्या कोपराला टेकलेला होता. "काकू, प्रीतम नाही. मी... गुड्डी बोलते."

पलीकडे कुणीतरी गॅस बंद केला. मग भांडं ठेवल्याचं ऐकू आलं, मग श्वास.

"ते विहारातली?" त्या हळूच म्हणाल्या. "माही गुड्डी?"

"हो, काकू. मी आहे. जिवंत आहे मी."

"थांब वं बाई," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज भरून आला. "थांब. मले खाली बसू दे जराशी."

मीही तिथेच, कुंपणाला टेकून, गवतावर बसले. प्रीतम माझ्या बाजूला बसला आणि आम्ही दोघं त्या सावरायची वाट पाहत राहिलो.